भाव ठरतो, पारख कोण करणार?

मराठीत म्हणतात, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. कानडीत म्हणतात, 'बेळेयुव सिरि मोळकेयल्लि', म्हणजे पिकाची श्रीमंती मोडातच कळते. आपल्या सीमाभागातल्या घरांत या दोन्ही म्हणी एकाच ओसरीवर ऐकू येतात. आजोबा मराठीतून सांगतात, अज्जी कानडीतून सांगते, आणि ज्याच्याविषयी हे चालले आहे तो नातू अंगणात पोरांबरोबर धुळीत लोळत असतो. मुलगा पुढे काय होणार हे आत्ताच ओळखावे, ही हौस सगळ्याच आईवडिलांना असते. त्यात गैर काही नाही. पण हौसेच्या जागी पैशाचा आकडा आला की घरातल्या माणसांची झोप उडते. मी सांगतो आहे ते अशाच एका घराविषयी आणि कबड्डीविषयी.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्याकडे फिजिकल डायरेक्टरची जागा बरीच वर्षे रिकामी असल्याने क्रीडा समितीचे काम माझ्याकडे आले. तरुणपणी मी गावच्या संघात राखीव खेळाडू होतो, एवढीच माझी पात्रता. तरीही सहा-सात वर्षे मुलांना घेऊन स्पर्धांना हिंडलो, पंचांशी बोललो, जुन्या खेळाडूंच्या शेजारी बसून सामने पाहिले. त्यातून खेळ थोडाफार कळू लागला. पण त्याहून जास्त कळू लागली ती खेळणाऱ्या मुलांच्या घरची घालमेल.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आठ संघ होते. त्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग खेळाडू ठरला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. तेव्हा तो आकडाही डोळे विस्फारणारा वाटला होता. चारच वर्षांत, २०१८ साली, मोनू गोयतवर १ कोटी ५१ लाखांची बोली लागली. त्याच लिलावात मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना गेला. आडनाव कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे आणि जर्सी महाराष्ट्राची, म्हणजे आपल्यासारखाच दोन अंगणांचा माणूस! त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवले होते. पुढे २०२३ साली पवन सेहरावतसाठी हैदराबादच्या तेलुगू टायटन्स संघाने २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले.

पण आमच्या भागातल्या पोरांच्या डोक्यात जे नाव पक्के बसले ते सिद्धार्थ देसाईचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा गडी. बेळगाव तिथून हाकेच्या अंतरावर. २०१८ साली यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे दोनशेंहून जास्त गुण केले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. एका वर्षात चौपट भाव! त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक गावात एक तरी 'आमचा सिद्धार्थ' तयार झाला. शेताच्या बांधावर पहाटे पोरे बैठका मारताना दिसू लागली. दारूच्या गुत्त्यावर बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे, असे बायामाणसे म्हणू लागल्या, आणि ते खरेच होते.

असाच एक मुलगा आमच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. नाव सांगत नाही. घरी चार एकर कोरडवाहू, तूर आणि सोयाबीन. वडील मराठी बोलणारे, आई कानडी मुलखातली. मुलगा उजव्या कोपऱ्यावर खेळायचा. कबड्डी पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात. कोपऱ्यावरच्या गड्याचे काम चुलीमागच्या बाईसारखे असते. केले तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकले की सगळ्यांना दिसते.

त्या मुलाच्या कानावर आले की हैदराबादला एका व्यावसायिक संघासाठी नव्या मुलांची चाचणी आहे. लिलावात उतरणाऱ्या नावाजलेल्या खेळाडूंखेरीज प्रत्येक संघ काही कोवळी मुले थेट करारावर घेतो, त्यासाठी अशा चाचण्या होतात. चाचणी नेमकी परीक्षेच्या तोंडावर होती. एके संध्याकाळी त्याचे वडील माझ्याकडे आले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय परीक्षा पुन्हा देता येईल, हे पुन्हा येणार नाही. तिथं हर्राशी होती म्हणे माणसांची. जनावरांची हर्राशी आम्ही पाहिलीय. माणसाची कशी असते?"

लिलावाला आमच्या जुन्या निजामी मुलखात हर्रास किंवा हर्राशी म्हणतात, कानडीत हराजु. दोन्ही भाषांत त्या शब्दाला घर बुडाल्याचा वास आहे. सावकाराने जमीन काढली की हर्रास व्हायची. तोच शब्द मुलाच्या भाग्योदयासाठी वापरायचा, हे त्या माणसाला पचत नव्हते. मी त्यांना सांगितले, "मामा, इथे माणूस विकत नाहीत, त्याच्या एक-दोन मोसमांच्या खेळाची किंमत करतात." ते जरा थांबून म्हणाले, "मग पुढच्या मोसमाचं काय?"

अर्थशास्त्राचा तास घेताना मी किंमत आणि मूल्य यांतला फरक फळ्यावर लिहून देतो. पण त्या प्रश्नाएवढा नेमका तो मला कधी मांडता आला नव्हता.

मुलाची आई दाराशी उभी होती. तिने कानडीत एवढेच म्हटले, "मोदलु पास आगली." आधी पास होऊ दे. शेवटी असे ठरले की चाचणीला जायचे, पण पुस्तके पिशवीत घेऊन, आणि परीक्षेचा एकही पेपर चुकवायचा नाही. सोबत मी जायचे.

आमच्या भागातल्या माणसाला हैदराबाद म्हणजे अफझलगंज. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा सगळे हैदराबाद संस्थानातच होते. कोर्टकचेरी असो, औषधपाणी असो की शिक्षण, वाट त्याच शहराकडे जायची. उस्मानिया दवाखान्यात कुणाला तरी भरती केलेय आणि नातलग अफझलगंजात पथारी टाकून बसलेत, ही गोष्ट आपल्याकडे घरटी एक तरी सापडेल. मुसी नदीच्या पुलापलीकडे मोठे बसस्थानक आहे, अलीकडे १८९१ साली सुरू झालेल्या आसफिया ग्रंथालयाची म्हणजे आजच्या सरकारी मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत आहे, आणि मागे बेगम बाजार, उस्मानगंजची घाऊक बाजारपेठ पसरली आहे. आम्ही तिथल्याच एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. एक खाट, एक गादी, आणि खिडकीखाली दिवसभर हातगाड्यांचा गलबला.

अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्यावरून पडले. त्यांनी ही जागा धान्याच्या व्यापाऱ्यांना दिली म्हणून हा गंज. चाचणी दुसऱ्या दिवशी असल्याने संध्याकाळी आम्ही बाजारात फिरलो. एका दुकानात पोत्यांची थप्पी लागली होती. माणूस पोत्यात लोखंडी नळी खुपसायचा, तिच्यातून मूठभर दाणे हातावर घ्यायचा, फुंकर मारायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचा, की झाला भाव. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, पोत्याच्या तळाशी काय आहे हे यांना कसं कळतं?" मी म्हटले, "कळत नाही. म्हणूनच ते दोन-तीन ठिकाणी नळी घालतात, आणि तरीही कधी कधी फसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी बस पकडून मैदानावर गेलो. शेकड्यांनी पोरे आली होती. तेलंगणाची, आंध्राची, आपल्या दोन्ही राज्यांची, काही थेट हरियाणातून. आधी वजन. लीगमध्ये खेळाडूचे वजन ८५ किलोंच्या आत असावे लागते. काठावरची दोन मुले आदल्या रात्रीपासून उपाशी होती, ती काट्यावरून उतरली आणि थेट केळीवाल्याकडे पळाली. मग धाव, उड्या, लवचिकपणा. मग सात-सातचे संघ पाडून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ खेळ.

मी कडेला बसून एक वही उघडली. माझ्याशेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, एकेकाळी खेळलेले. ते चढाई करणाऱ्याकडे बघतच नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बॉल असलेल्या खेळात लोक बॉल बघतात, इथे चढाईवाल्याला बघतात. तुम्ही बाकीच्या सहांचे पाय बघा." मी बघू लागलो आणि खेळ वेगळाच दिसू लागला.

कोपऱ्यावरच्या गड्याची परीक्षा पकड करण्याआधीच होते. चढाई तीस सेकंदांची असते. घाईचा गडी पाचव्या-सहाव्या सेकंदाला घोट्यावर झेप घेतो, सुटला तर गुण गेला. थंड डोक्याचा गडी चढाईवाल्याला निदान रेषा ओलांडू देतो, त्याचे वजन पुढच्या पायावर येईपर्यंत थांबतो, आणि मगच हात घालतो. दुसरी गोष्ट शेजारच्याशी असलेली साखळी. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारचा पोचलाच नाही, तर ताकदवान चढाईवाला त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. म्हणून चांगला गडी बोलत राहतो, हाताच्या खुणेने सांगत राहतो. तिसरी गोष्ट, तीन किंवा त्याहून कमी गडी उरल्यावर तो काय करतो. अशा वेळची पकड म्हणजे सुपर टॅकल, तिला एक गुण जादा. काहींचे पाय तेव्हा मागे सरकतात, काहींच्या डोळ्यांत चमक येते. आणि चौथी गोष्ट, गडी बाद होऊन बाहेर बसल्यावर तोंड पाडून बसतो की आतल्यांना ओरडून सांगत असतो.

आमच्या मुलाच्या चार पकडींपैकी दोन यशस्वी झाल्या. एक झकास घोटा पकड होती, पाहणाऱ्यांतून "शाब्बास" आले. पण एक अडचण मला स्पष्ट दिसली. तो मातीवर घडलेला गडी. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यातच वेग मिळतो. मॅटवर बूट घालावे लागतात आणि बूट मॅटला चिकटतो. त्याचा पाय अर्धा क्षण उशिरा उचलला जात होता. हा दोष त्याच्या अंगात नव्हता, त्याच्या गावात मॅट नव्हती, एवढेच. पण चाचणीच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

त्या रात्री लॉजच्या खोलीत तो झोपू शकला नाही. दुसऱ्या दिवशीच्या यादीत नाव होते, पण शेवटची निवड बाकी होती. मी त्याला काही गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो, कारण घरातल्या मोठ्यांना त्या ठाऊक असायला हव्यात.

प्रदीप नरवाल २०१५ साली बंगळुरू बुल्सकडे होता. फारसा खेळायला मिळाला नाही आणि संघाने त्याला सोडले. पाटणा पायरेट्सने घेतले. पाटण्याने सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि २०१७ च्या एकाच मोसमात त्याने चढाईचे ३६९ गुण केले. पवन सेहरावत बंगळुरूकडे आला, तिथून गुजरातला गेला, तिथे बाकावर बसला, आणि २०१८ साली पुन्हा बंगळुरूला आला. ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याच गुजरातविरुद्ध त्याने २२ गुण करून बंगळुरूला पहिले विजेतेपद मिळवून दिले. नवीन कुमार मात्र २०१८ साली अठराव्या वर्षी नव्या मुलांतून दिल्लीच्या संघात आला आणि लगेच चमकला. आणि सिद्धार्थ देसाई? त्याने लीगमध्ये पाऊल ठेवले तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती. एकाचा मोड अठराव्या वर्षी दिसला, दुसऱ्याचा आठ वर्षांनी. पारख करणारे दोन्ही वेळा जाणकारच होते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत बास्केटबॉलची एन. बी. ए. लीग आहे. तिथे लिलाव नसतो, 'ड्राफ्ट' असतो. तीस संघ दोन फेऱ्यांत क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. मागच्या मोसमात मागे पडलेल्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळावी अशी सोय असते. खेळाडूला संघ निवडता येत नाही. तिथली बहुतेक मुले कॉलेजच्या संघांतून येतात, म्हणून कॉलेजचा प्रत्येक सामना पारखणाऱ्यांच्या नजरेखाली असतो. ड्राफ्टच्या आधी मुलांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्या उडीचा पल्ला, सगळे इंचाइंचाने मोजतात. एवढा खटाटोप करूनही २०१४ साली सर्बियाचा निकोला योकिच पार ४१ वा निवडला गेला. पुढे तो तीनदा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ साली त्याने आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. म्हणजे त्याच्या आधी चाळीस वेळा कुणी ना कुणी त्याला ओलांडून दुसऱ्याचे नाव घेतले होते!

उलट बाजूही सांगायला हवी. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतातला पहिला खेळाडू. देशभर पेढे वाटले गेले. पण एन. बी. ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. तेव्हा निवड न होणे म्हणजे शेवट नव्हे, तसे निवड होणे म्हणजेही पोचणे नव्हे. सिद्धार्थ देसाईचेच पाहा. कोटीचा भाव मिळाल्यावर काही वर्षांतच, २०२१-२२ च्या मोसमात, खांद्याच्या दुखापतीने त्याला मोजकेच सामने खेळता आले. मामांनी विचारलेला 'पुढच्या मोसमाचा' प्रश्न खरा होता तो इथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची यादी लागली. त्यात आमच्या मुलाचे नाव नव्हते.

तो रडला नाही. बूट काढून पिशवीत घातले, पाण्याची बाटली भरली आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढला. अफझलगंजला उतरून आम्ही एका हॉटेलात इराणी चहा घेतला. तेव्हा तो म्हणाला, "सर, घेतलं नाही याचं काही नाही. पण काय कमी पडलं ते कुणी सांगितलंच नाही. आता घरी गेल्यावर मी काय सुधारू?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. निवड करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेकडो पोरे, दोन दिवस, मोजक्या जागा. त्यांचे काम 'हो' किंवा 'नाही' सांगण्याचे. धान्याचा व्यापारी शेतकऱ्याला भाव सांगतो. पुढच्या पेरणीला बियाणे कोणते घ्यावे, खत किती टाकावे, हे सांगत बसत नाही. ते शेतकऱ्याला आपल्या रानात राहूनच शोधावे लागते. मुलांच्या बाबतीतही 'का' हे सांगण्याचे काम निवड समितीचे नाही. ते आपले आहे. शिक्षकांचे, गावच्या जुन्या खेळाडूंचे, आणि घरच्यांचेही. आणि नेमके हेच काम आपण करत नाही. मुलगा निवडला गेला तर आपण फटाके लावतो, नाही निवडला तर "नशीब" म्हणतो, किंवा "तिथे वशिला लागतो" म्हणून मोकळे होतो. दोन्हींतून मुलाच्या हाती काही लागत नाही.

मी वही काढून त्याच्यासमोर ठेवली. चार पकडी, त्यांतल्या दोन यशस्वी. एक अपयशी, कारण सातव्या सेकंदालाच झेप. दुसरी अपयशी, कारण शेजाऱ्याला खूण केली नव्हती. मॅटवर पाय उशिरा उठतो. बाद झाल्यावर ओरडून सांगणे चांगले, दोनदा दिसले. तो पान पुन्हा पुन्हा वाचत होता. मग म्हणाला, "हे सुधारता येण्यासारखं आहे." चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. 'मी कमी आहे' आणि 'माझा पाय उशिरा उठतो' या दोन वाक्यांत केवढे अंतर असते!

परत आल्यावर आम्ही कॉलेजात एक साधी पद्धत सुरू केली. प्रत्येक खेळाडूची एक वही. सामन्याची तारीख, समोर कोण, माती की मॅट, किती चढाया किंवा पकडी, त्यांतल्या किती यशस्वी, आणि अपयशाचे एका ओळीत कारण. नुसते गुण लिहायचे नाहीत. वीस चढायांत आठ गुण आणि दहा चढायांत आठ गुण यांत फरक आहे. दुबळ्या संघासमोरचे आठ आणि तगड्या संघासमोरचे आठ यांतही आहे. दुखापत झाली तर तीही लिहायची, कारण पोरे दुखापत लपवतात. वही मुलगा स्वतः लिहितो आणि महिन्यातून एकदा घरी दाखवतो. एका मुलाची अज्जी अक्षरओळख नसल्याने त्याच्याकडून ती वाचून घेते, आणि मग कानडीत त्याला झापते!

पालकांनाही मी आता चाचणीला जाण्याआधी तीन प्रश्न विचारतो. पहिला, निवड झाली नाही तर मुलगा घरी आल्यावर तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलणार? ते आधीच ठरवून ठेवा. दुसरा, निवड झाली आणि एका मोसमानंतर सोडले, तर हातात काय असेल? पदवी असली तर पुढची दारे उघडी राहतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सेनादल यांचे संघ आहेत. कोटीच्या बातम्या येण्याआधी कबड्डीपटूंची घरे याच नोकऱ्यांवर उभी राहिली आणि आजही बहुतेकांची तिथेच राहतात. तिसरा, मुलाच्या नावावर कर्ज काढणार का? उत्तर 'हो' असेल तर मी त्यांना बसवून घेतो, चहा पाजतो आणि तासभर सोडत नाही.

हे सगळे निरुत्साही वाटेल, म्हणून एक गोड गोष्टही सांगतो. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या गच्चीबावलीला प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. प्रशिक्षक बी. सी. रमेश, कर्नाटकातले. मराठी कर्णधार, कानडी गुरू, आणि मैदान आपल्या जुन्या राजधानीत! सीमाभागातल्या घरांना यापेक्षा आणखी काय हवे? पण मला त्या विजयात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या संघातले बरेचसे गडी तरुण होते आणि ते दोन-तीन मोसम एकत्र खेळून तयार झाले होते. त्याच मोसमात सगळ्यांत महागडा खेळाडू घेणारा तेलुगू टायटन्स संघ बावीस सामन्यांत फक्त दोन जिंकून तळाला राहिला. पवन काही वाईट खेळाडू झाला नव्हता. पण एका दिवसाच्या बोलीने संघ उभा राहत नाही. रोज मुलांच्या पायांकडे बघणारे कुणीतरी लागते.

आमचा मुलगा परीक्षा पास झाला, दुसऱ्या वर्गात. आईने गावात पेढे वाटले, चाचणीचा उल्लेखही न करता. तो आता पोलीस भरतीची तयारी करतो आणि आठवड्यातून तीन दिवस सायकलने तालुक्याला जाऊन मॅटवर सराव करतो. वडील मला बाजारात भेटतात. पहिल्या पहिल्यांदा विचारायचे, "सर, हैदराबादहून काही फोन?" आता विचारतात, "पाय वेळेवर उठतोय का त्याचा?"

मागच्या आठवड्यात मी सरावाला जाऊन पाहून आलो. मामांना सांगितले, "आधीपेक्षा बराच लवकर उठतोय. पण घाई अजून आहे." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ती आमच्याकडूनच आली असंल."